टोपलीतून गेलेला प्लेटो

ग्रीसला जाणारा आपल्याकडचा प्रवासी बहुधा अथेन्सचं अक्रोपोलिस पाहतो, सांतोरिनी बेटावरच्या पांढऱ्याशुभ्र घरांसमोर उभं राहून फोटो काढतो आणि परत येतो. मी पात्मोसला जायचं ठरवलं तेव्हा बरोबरच्या मंडळींनी साहजिकच विचारलं, "तिथं काय आहे?" म्हटलं, "ग्रंथालय आहे." त्यावर कुणी काही बोललं नाही. पण 'ग्रंथालय पाहायला एवढ्या लांब?' हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेवटी ते सांतोरिनीला गेले आणि मी एकटाच पात्मोसच्या बोटीत बसलो.

पात्मोस हे एजियन समुद्रातलं, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळचं लहानसं बेट. क्षेत्रफळ जेमतेम चौतीस चौरस किलोमीटर आणि वस्ती तीन हजारांच्या आसपास. इथं विमानतळ नाही. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून बोट घ्यायची आणि सात-आठ तास, कधी त्याहूनही जास्त, समुद्रावर काढायचे. आपल्याकडच्या ख्रिस्ती वाचकांना मात्र हे बेट चांगलं माहीत असेल. बायबलच्या 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकात योहान सांगतो की, त्याला हे दर्शन घडलं ते याच बेटावर. मराठी बायबलमध्ये त्याचं नाव 'पात्म' असं येतं. योहानाला दर्शन झालं असं मानतात ती गुहा डोंगराच्या अर्ध्या वाटेवर आहे. यात्रेकरू तिथंच जास्त थांबतात.

मला जायचं होतं ते त्याच्याही वर. खाली स्काला नावाचं बंदर आणि वर डोंगरमाथ्यावर होरा नावाचं जुनं गाव. त्या गावाच्या डोक्यावर मुकुट ठेवावा तसा संत योहानाचा मठ आहे. मठ कसला, किल्लाच तो. काळपट दगडाच्या उंच भिंती, वर कंगोरे, आणि मुख्य दरवाजाच्या बरोबर डोक्यावर एक खाच. शत्रू दाराशी आला की त्या खाचेतून त्याच्यावर उकळतं तेल ओतायचं. आपल्या कोकणातल्या जलदुर्गांची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. कारणही तेच, समुद्रावरचे चाचे. आत गेलं की गोट्यांची फरसबंदी केलेलं अंगण, चिंचोळे जिने, आणि काळे झगे घातलेले दाढीवाले साधू. बाहेर ऊन रणरणत होतं. आत पाऊल टाकताच गारवा जाणवला.

तिकीट काढलं आणि खिडकीतल्या बाईंना विचारलं, "ग्रंथालय कुठल्या बाजूला?"

त्या म्हणाल्या, "ग्रंथालय बंद असतं. फक्त अभ्यासकांसाठी. आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते."

मी पत्र लिहिलेलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी वीसेक वर्षं होतो. ग्रंथालय म्हणजे दार उघडं असायचंच, अशी माझी समजूत. बाईंनी संग्रहालयाकडे बोट दाखवलं. काही मोजके ग्रंथ तिथं काचेत ठेवले आहेत, तेवढे पाहा, म्हणाल्या. मी चरफडतच जिना चढलो.

आता हे ग्रंथालय आलं कुठून, ते सांगायला हवं. अकराव्या शतकात आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, लात्रोस नावाच्या डोंगरावर ख्रिस्ती साधूंचे मठ होते. ख्रिस्तोदुलोस नावाचा साधू तिथला एक प्रमुख. सेल्जुक तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या आणि मठ सोडायची वेळ आली. पळताना माणूस काय उचलतो? ख्रिस्तोदुलोसनं मठातली हस्तलिखितं हलवायची खटपट केली. पुढे तो कोस बेटावर राहिला आणि शेवटी त्यानं बायझंटाइन सम्राट पहिला अलेक्सिओस कोम्निनोस याच्याकडे पात्मोस मागितलं. तेव्हा बेट ओसाड होतं. १०८८ सालच्या एप्रिलमध्ये सम्राटानं सोन्याची मुद्रा असलेली सनद दिली आणि अख्खं बेट मठाच्या नावे केलं. ती सनद अजून मठात आहे. मठाचं बांधकाम पुरं व्हायच्या आतच हल्ल्यांच्या भीतीनं ख्रिस्तोदुलोसला हेही बेट सोडावं लागलं. १०९३ मध्ये तो एव्हिया बेटावर वारला. शिष्यांनी त्याचा देह पात्मोसला आणला. आणि हळूहळू पुस्तकं जमत गेली.

पुस्तकं म्हणजे चर्मपत्रांचे ग्रंथ. मेंढी, बकरी किंवा वासराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचं, केस खरवडून काढायचे, चौकटीवर ताणून बसवायचं आणि धारदार पात्यानं घासत घासत पातळ करायचं. वाळलं की दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. आपल्याकडे ताडपत्रांना भोक पाडून दोरा ओवतात आणि पोथीची पानं सुटी असतात. तिथं पानं दुमडून, शिवून, लाकडी पुठ्ठ्यांत बांधायची पद्धत. एका जाड ग्रंथाला जनावरांचा कळपच लागे. म्हणजे पुस्तक ही चैन नव्हे, स्थावर मालमत्तेसारखी गोष्ट होती. आणि मालमत्ता म्हटली की यादी आलीच.

ही यादीच मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाची वाटली. १२०० सालच्या सप्टेंबरमध्ये पात्मोसच्या मठानं आपल्या चीजवस्तूंची नोंद केली. मूर्तिचित्रं, सोन्याचांदीची भांडी आणि ग्रंथ. ग्रंथ किती? ३३०. त्यांतले २६७ चर्मपत्राचे आणि ६३ कागदाचे. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी एकेक ग्रंथ हातात घेऊन पाहिला, कातडं की कागद ते नोंदवलं, आणि अमुक ग्रंथ अमुक ठिकाणी उसना दिला आहे, असंही लिहून ठेवलं. उसने दिलेले ग्रंथ! म्हणजे १२०० साली एजियन समुद्रातल्या खडकावर आमच्या वाचनालयातलं देवघेवीचं रजिस्टर चालू होतं. त्या वेळी कागद हा तिथं नवखा पदार्थ. अरबांकडून आलेला, चर्मपत्राहून स्वस्त, पण टिकाऊपणाबद्दल लोकांच्या मनात शंका असलेला. म्हणून वेगळा मोजला असावा. आज आपण छापील पुस्तकं आणि सीडी वेगवेगळ्या मोजतो, तसंच.

यादीचं महत्त्व काय? यादीतले पुष्कळ ग्रंथ आज मठात नाहीत. पण ते 'नाहीत' हे आपल्याला कळतं, ते यादीमुळेच. ज्याची नोंद नाही त्याची चोरीही होत नाही, असं आमचे जुने ग्रंथपाल म्हणायचे. तेव्हा मला तो विनोद वाटे.

संग्रहालयात काचेखाली एक पान पाहिलं. जांभळं. जांभळाच्या रसात बुडवून काढावं तसं चर्मपत्र आणि त्यावर चांदीच्या शाईची मोठी मोठी अक्षरं. देवाची नावं आली की तेवढी सोन्यात. सहाव्या शतकातल्या एका शुभवर्तमानाच्या प्रतीचं हे पान. चांदी आता काळवंडली आहे, पण सोनं जसंच्या तसं. या प्रतीची आज एकंदर २३१ पानं जगात शिल्लक आहेत. १८२ रशियात सेंट पीटर्सबर्गला, ३३ इथं पात्मोसला. उरलेली व्हॅटिकन, लंडन, व्हिएन्ना, न्यूयॉर्क अशी विखुरली आहेत, कुठं सहा, कुठं चार, कुठं एकच. मूळ ग्रंथ याच्या दुप्पट असावा असं अभ्यासक मानतात. एकाच घरातली भावंडं देशोदेशी पांगावीत तसा प्रकार. पात्मोसकडे त्यातला मार्काच्या शुभवर्तमानाचा भाग आला. काचेपुढे मी बराच वेळ उभा होतो. मागून एक जर्मन कुटुंब आलं, त्यांच्या लहान मुलीनं काचेला नाक लावलं, आणि रखवालदारानं तिला हळूच मागे घेतलं.

आता तो प्लेटो.

१८०१ सालच्या ऑक्टोबरमध्ये एडवर्ड डॅनियल क्लार्क नावाचा केंब्रिजचा एक विद्वान पात्मोसला उतरला. पुढे हा केंब्रिजमध्ये खनिजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. पण त्या वर्षी तो जे दिसेल ते गोळा करत हिंडत होता. मठाच्या ग्रंथालयात तो शिरला, तेव्हा त्याला काय दिसलं ते त्यानंच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. छापील पुस्तकं फळ्यांवर नीट मांडलेली, आणि जुनी हस्तलिखितं जमिनीवर ढिगानं टाकलेली, धूळ आणि कसर लागलेली. मठाच्या प्रमुखाला आणि खजिनदाराला वाचता येत नव्हतं, असंही तो म्हणतो. ढिगात हात घालून त्यानं एक जाडजूड ग्रंथ काढला. प्लेटोचे संवाद!

साधूंशी सौदा ठरला. पण गावात बभ्रा होऊ नये, तुर्की अधिकाऱ्यांपर्यंत वार्ता जाऊ नये, म्हणून ग्रंथ लगेच द्यायला ते तयार नव्हते. क्लार्क बंदरात बोटीवर वाट पाहत बसला. मग डोंगरावरून एक माणूस डोक्यावर मोठी टोपली घेऊन उतरताना दिसला. बोटीजवळ येऊन तो लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला की, इंग्रजांनी मठात सांगितलेले पाव आणले आहेत. बोटीवर चढल्यावर पाव मोजल्याचं नाटक झालं आणि टोपली आत केबिनमध्ये गेली. पावांच्या खाली तळाशी हस्तलिखितं होती.

त्या टोपलीत काय होतं, हे आज आपल्याला नेमकं ठाऊक आहे. ग्रंथाच्या शेवटी लेखनिकानं स्वतःच लिहून ठेवलंय. योहान नावाच्या सुलेखनकारानं हा ग्रंथ आरेथास या धर्मोपदेशकासाठी लिहिला. सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचं ६४०४ वं वर्ष, नोव्हेंबर महिना. आपल्या हिशेबानं इसवी सन ८९५. आपल्या पोथ्यांच्या शेवटी शके आणि संवत्सर असतं, तशातलाच हा प्रकार. पण इथं पुढे खर्चही दिला आहे. लेखनाचे १३ सुवर्णनाणे, चर्मपत्राचे ८. एकूण २१. त्या काळी दरबारातल्या अधिकाऱ्याला नोकरीच्या सुरुवातीला वर्षाला सुमारे ७२ नाणी मिळत. म्हणजे एका पुस्तकाला साडेतीन महिन्यांचा पगार! हा आरेथास पुढे कप्पदोकियातल्या केसरियाचा आर्चबिशप झाला. पुस्तकांचा मोठा वेडा माणूस. या ग्रंथाच्या समासात त्यानं स्वतःच्या हातानं टिपा लिहिल्या आहेत. प्लेटोच्या चोवीस संवादांची ही प्रत. त्या संवादांची आज उपलब्ध असलेली जी काही थोडी फार जुनी हस्तलिखितं आहेत, त्यांत हिची गणना अगदी वरच्या पंक्तीत होते. प्लेटोच्या ग्रीक संहितेची शास्त्रशुद्ध आवृत्ती काढणाऱ्या कुणालाही तिच्यावाचून पुढे जाता येत नाही.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयानं १८०९ मध्ये क्लार्कची हस्तलिखितं विकत घेतली. प्लेटोची ही प्रत आजही तिथंच आहे आणि तिला 'क्लार्कचा प्लेटो' म्हणतात. आरेथासचा नाही, योहान लेखनिकाचा नाही, पात्मोसचा तर नाहीच. क्लार्कचा!

आता न्याय कसा करायचा? क्लार्कची बाजू अगदीच लंगडी नाही. तो ढीग तसाच पडला असता तर कसरीनं आणि ओलीनं प्लेटोचं काय केलं असतं, सांगता येत नाही. ऑक्सफर्डला तो नीट राहिला, विद्वानांनी तपासला, १८९८-९९ मध्ये त्याच्या सगळ्या पानांची छायाचित्रं छापून प्रसिद्ध झाली, आणि आता तर तो संगणकावर घरबसल्या पाहता येतो. पण दुसरी बाजू त्या टोपलीतच आहे. व्यवहार सरळ असता तर वर पाव कशाला लागले असते? आणि याच क्लार्कनं त्याच वर्षी अथेन्सजवळच्या एलेफ्सिना गावातून एक मोठी प्राचीन मूर्ती हलवली. गावकरी तिला पिकाची राखणदार मानत, तिच्याभोवती खत टाकत. ती गेली तर शेतं पिकायची नाहीत म्हणून त्यांनी विरोध केला, तरी ती गेली. आज ती केंब्रिजच्या संग्रहालयात आहे. म्हणजे पुस्तक सडत होतं म्हणून उचललं, आणि मूर्तीची पूजा चालू होती तरी उचललं. कारण काहीही असो, उचलणं ठरलेलं होतं.

हे वाक्य मी फार ठसक्यात बोलतोय, पण पात्मोसच्या त्या काचेपुढे उभा असताना ते माझ्याच अंगावर आलं. कारण माझ्या घरातल्या कपाटात एक पोथी आहे. होती. १९८३ च्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयाचं छप्पर गळलं. मागच्या खोलीतली जुनी पुस्तकं भिजली, आम्ही चार-पाच जणांनी ती ओसरीवर वाळत घातली. त्यांत पांडवप्रतापाची एक शिळाछाप पोथी होती, पिवळ्या कागदाची, कडेला वेलबुट्टी असलेली. ओल लागून पानं चिकटत होती. मी ती घरी नेली, पंख्याखाली एकेक पान सुटं केलं, कापडात बांधली आणि ठेवली. 'इथं राहिली तर नासेल' असं तेव्हा म्हटलं. खोटं नव्हतं. छप्पर पुढच्याच वर्षी नवं झालं. पोथी मात्र परत गेली नाही. कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. माझ्या टोपलीत वरचे पावसुद्धा नव्हते.

ग्रंथालय बंद असल्याचा राग तिथंच निवळला. ज्या मठानं १२०० साली उसने ग्रंथ लिहून ठेवले आणि ज्याचा प्लेटो १८०१ साली पावाखालून गेला, त्यानं आता आधी पत्र मागितलं तर त्यात गैर काय? आणि मधल्या काळात त्यांनी नुसतं कुलूपच लावलं असंही नाही. एकोणिसाव्या शतकात साकेलिओन नावाच्या ग्रीक विद्वानानं इथली हस्तलिखितं एकेक करून तपासली आणि १८९० मध्ये त्यांची सूची अथेन्सला छापून प्रसिद्ध झाली. ढिगाची पुन्हा यादी झाली. आज तिथं हजाराच्या घरात हस्तलिखितं आहेत. १९९९ मध्ये युनेस्कोनं होरा गाव, मठ आणि योहानाची गुहा यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मठातून खाली उतरताना गुहेच्या वरच्या अंगाला पात्मोसच्या जुन्या शाळेच्या इमारती लागतात. मला त्यांची फारशी माहिती नव्हती. १७१३ मध्ये माकारिओस कालोयेरास या धर्मोपदेशकानं ही शाळा काढली. ग्रीस तेव्हा तुर्की अमलाखाली. ग्रीक मुलांना प्राचीन ग्रीक, तर्कशास्त्र, धर्मशास्त्र शिकवणाऱ्या शाळा मोजक्याच होत्या आणि त्यांत पात्मोसचं नाव मोठं. दूरदूरची मुलं बोटीनं इथं शिकायला येत. ग्रीक स्वातंत्र्याच्या चळवळीत पुढे ज्यांची नावं गाजली त्या मंडळींतले काही इथलेच विद्यार्थी.

त्यांतल्या एका विद्यार्थ्याचं नाव ऐकून मी थबकलो. दिमित्रिओस गालानोस. जन्म अथेन्सचा, १७६० चा. पात्मोसला दानिएल केरामेउस या गुरूपाशी तो सहा वर्षं शिकला. कोलकात्यात तेव्हा ग्रीक व्यापाऱ्यांची वसाहत होती. त्यांच्या मुलांना शिकवायला मास्तर हवा होता. १७८६ मध्ये गालानोस कोलकात्याला आला. सात वर्षं मास्तरकी केली, थोडे पैसे गाठीला बांधले आणि १७९३ मध्ये काशीला गेला. तिथं त्यानं ब्राह्मणांसारखा वेश घेतला, पंडितांपाशी संस्कृत शिकला आणि उरलेली चाळीस वर्षं काशीतच काढली. त्या काळी काशीत मराठी पंडितांची घरं पुष्कळ होती, अहिल्याबाईंनी विश्वनाथाचं देऊळ बांधून फार वर्षं झाली नव्हती. तिथल्या गल्ल्यांतून हा पात्मोसचा विद्यार्थी पोथ्या काखेला मारून हिंडत असेल!

३ मे १८३३ रोजी तो काशीतच वारला. त्याची कबरही तिथंच आहे. पण आपली हस्तलिखितं त्यानं अथेन्सला पाठवायची व्यवस्था केली होती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या ग्रीसमध्ये ती पोचली आणि १८४५ ते १८५३ या काळात सात खंडांत छापली गेली. त्यांत भर्तृहरी आहे, भगवद्गीता आहे, रघुवंश आहे, हितोपदेशातल्या गोष्टी आहेत, दुर्गासप्तशती आहे आणि अमरचंद्राचं 'बालभारत', म्हणजे महाभारताचं संक्षिप्त रूप, तेही आहे. सगळं ग्रीकमध्ये. युरोपात संस्कृतचा अभ्यास म्हटला की आपण विल्यम जोन्स, मॅक्समुल्लर यांची नावं घेतो. या माणसाचं नाव माझ्या कानावरही आलं नव्हतं, आणि त्याच्या गुरूच्या बेटावर गेलो नसतो तर आलंही नसतं.

मजा बघा. क्लार्कनं पात्मोसहून ग्रंथ बोटीत घालून नेला, तेव्हा त्याच पात्मोसचा विद्यार्थी काशीत बसून आपल्या पोथ्या हातानं उतरवून घेत होता. दोघांनीही ग्रंथ एका देशातून दुसऱ्या देशात नेले. पण गालानोसनं उतरवून घेतल्यावर काशीच्या पंडिताची पोथी पंडिताकडेच राहिली.

संध्याकाळी स्कालाच्या धक्क्यावर एका खानावळीत बसलो. बोट रात्री अकराची होती. धक्का फार मोठा नाही. टोपलीवाला माणूस कुठून उतरला असेल, बोट कुठं उभी असेल, याचा अंदाज घेत मी डोंगराकडे पाहत होतो. अंधार पडल्यावर मठावर दिवे लागले आणि काळा किल्ला पिवळा दिसू लागला. खानावळवाल्यानं पाव आणून ठेवला, मला एकट्यालाच हसू आलं.

गावी परतल्यावर आठवडाभरानं मी पोथी कापडातून काढली आणि वाचनालयात गेलो. आता तिथं एक तरुण मुलगी ग्रंथपाल आहे. सगळं संगणकावर आहे. तिला सांगितलं, ही पोथी तुमची, माझ्याकडे राहिली होती. तिनं पहिलं पान उलटलं. गोल शिक्का होता, दाखल क्रमांक शाईनं लिहिलेला होता, पण फिकट झालेला. तिनं जुनी दाखल नोंदवही काढली. त्या वर्षांची पानं वाळवीनं खाल्लेली. पुढची-मागची सापडली, नेमकी ती नाहीत.

"काका, नोंद नाही हो हिची," ती म्हणाली. "नव्यानं दाखल करून घेते. देणगीदार म्हणून तुमचं नाव घालू का?"

मी म्हटलं, "नको. देणगीच्या रकान्यात काही लिहू नकोस."

"मग शेऱ्यात काय लिहू?"

"१९८३ साली नेली होती, आता परत आली, असं लिही."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घालून टाइप करू लागली. पोथीला नवा क्रमांक मिळाला. तो मी माझ्या डायरीत उतरवून घेतला आहे.